ऑपरेशन झालं, पण बरं वाटतंय का?

मणक्याचं ऑपरेशन झालेल्या लोकांना फोन करून आता कसं आहे विचारायचं, हे माझं काम. सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी. ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरांचे आकडे भरायचे, फाइल बंद. पदाचं नाव रिसर्च कोऑर्डिनेटर आहे, घरी सगळे कॉल सेंटरच म्हणतात आणि खरं सांगायचं तर ते फार चुकीचं पण नाही. हॉस्पिटल मुंबईतलं आहे, कुठलं ते सांगणार नाही, आणि पेशंटची माहिती ओळखू येऊ नये इतकी इकडची तिकडे केलीय, पण त्यांची वाक्यं बहुतेक जशीच्या तशी आहेत कारण ती विसरताच येत नाहीत.

प्रश्नांची जी मेन यादी आहे तिला ऑस्वेस्ट्री इंडेक्स म्हणतात. ऑस्वेस्ट्री हे इंग्लंडमधलं गाव, तिथल्या हाडांच्या हॉस्पिटलमध्ये जेरेमी फेअरबँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही यादी बनवली, १९८० मध्ये छापली, आणि आज जगभर पाठीच्या दुखण्याने किती अडतं हे मोजायला ती खूप वापरतात. दहा भाग आहेत. दुखतं किती, स्वतःचं स्वतः आवरता येतं का, वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, शरीरसंबंध, लोकांत मिसळणं, प्रवास. प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क, पन्नासपैकी बेरीज, तिची दुप्पट केली की टक्के, आणि इथे जास्त टक्के पडले म्हणजे तब्येत जास्त वाईट. मराठीतलं व्हर्जन आहे, रीतसर तपासून घेतलेलं, भाषेची काही अडचण नाही. अडचण मुंबईची आहे. चालण्याच्या प्रश्नात मैल येतो, एक मैल म्हणजे किती हो असं हमखास विचारतात, मी म्हणते दादर स्टेशनपासून शिवाजी पार्क आणि अजून थोडं पुढे, मग लगेच उत्तर मिळतं. प्रवासाच्या प्रश्नात दोन तासांच्या वरचा प्रवास हा मोठा प्रवास धरलाय, आणि बदलापूरची बाई मला निवांत विचारते, "म्हणजे रोजचाच ना?" उभं राहण्याच्या प्रश्नाला तर लोक स्टेशनांच्या नावातच उत्तर देतात. ठाण्यापर्यंत राहतो, पुढे नाही जमत.

आठव्या प्रश्नाला, शरीरसंबंधांच्या, पलीकडे शांतता. एक काका म्हणाले, "अहो बाजूला सून बसलीय, पुढचा घ्या." घेतला पुढचा. तो भाग सोडला तर पन्नासऐवजी पंचेचाळीसने भागायचं असा नियमच आहे, आणि माझ्या शीटमध्ये पंचेचाळीसवाल्यांची रांग बघण्यासारखी आहे.

हे सगळं झालं की शेवटी समाधानाचा प्रश्न येतो. त्याला चार ऑप्शन आहेत, उत्तर अमेरिकेतल्या स्पाइन सोसायटीच्या फॉर्ममधून आलेले. एक, ऑपरेशनकडून जी अपेक्षा होती ती पूर्ण झाली. दोन, अपेक्षेइतकं बरं वाटलं नाही, पण परत वेळ आली तर हेच ऑपरेशन करेन. तीन, अपेक्षेइतकं बरं वाटलं नाही आणि परत करणार नाही. चार, होतो तिथेच आहे किंवा त्याहून वाईट. सुरुवातीला मला वाटायचं की वरचे दहा भाग भरले की हा प्रश्न विचारायची गरजच काय, आकडा खाली आला म्हणजे माणूस खूश, नाही आला म्हणजे नाखूश, सोपं आहे. ते तसं बिलकुल नाही आणि हा सगळा लेख त्याच्यावरच आहे.

ठाण्याचे एक गृहस्थ, पन्नाशीच्या जरा अलीकडचे, एका कंपनीत अकाउंट्स बघतात. चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकून नस दबली होती, डाव्या पायात कंबरेपासून करंगळीपर्यंत कळ, रात्र रात्र खुर्चीत बसून काढलेली. छोट्या चिरेतून गादीचा बाहेर आलेला तुकडा काढला, दुसऱ्या दिवशी चालत घरी. तीन महिन्यांनी फोन केला तर त्यांचा आकडा साठीच्या घरातून पंधराच्या खाली आलेला. आमचे ज्युनिअर डॉक्टर असा रिझल्ट बघून चहा पाजतात. समाधानाच्या प्रश्नाला साहेबांचं उत्तर: तीन. परत करणार नाही. मी म्हटलं सर, पायाची कळ? "पाय ठीकय हो, पायाचं दुखणं गेलं ते गेलंच. पण पाठ? सकाळी उठलो की अजून पाठ धरते. मी ट्रेकला जाणारा माणूस, मला वाटलं होतं सगळं क्लिअर होईल."

आता या ऑपरेशनमध्ये नस मोकळी करतात, म्हणजे मुख्य फायदा पायाच्या कळेला होतो, पाठीचं दुखणं त्याने जाईलच असं नसतं. हे त्यांना सांगितलेलं होतं. फाइलमध्ये लिहिलंय, खाली त्यांची सही आहे. पण ओपीडीत ज्या माणसाला बसता पण येत नाहीये, ज्याची बायको पंख्याखाली उभी राहून मेडिक्लेमवाल्याशी फोनवर भांडतेय, त्याला सहा-सात मिनिटांत सांगितलेल्या दहा गोष्टींतल्या किती डोक्यात जाणार? त्याने "मोकळे व्हाल" एवढंच ऐकलं. मोकळं कशातून ते त्याने स्वतः भरून घेतलं.

आणि लालबागच्या एक आजी. मणक्यातली नळी अरुंद झालेली, वयाने होते तशी. चार पावलं चाललं की पाय जड, थांबायचं, पुढे वाकायचं, कुणाच्या तरी ओट्यावर टेकायचं, मग परत चार पावलं. हाड थोडं कापून नळी मोकळी केली. वर्षाने त्यांचा आकडा काढला तर फार काही हललेला नव्हता. तळपायाला अजून कापूस चिकटल्यासारखं वाटतं, खाली बसता येत नाही, गुडघ्यांची बोंब वेगळीच. समाधानाच्या प्रश्नाला मला वाटलं दोन म्हणतील, तीन पण म्हणतील. आजी म्हणाल्या, "एक लिही बाळा. मार्केटात मी माझी जाते आता. सुनेला पाव किलो भेंडी आण म्हणून सांगायला लागत होतं, ते बंद झालं." तेवढंच पाहिजे होतं त्यांना. आणि ते त्यांना ऑपरेशनच्या आधीपासून नक्की माहीत होतं.

या दोघांच्या उत्तरांनी मी वाचायला लागले. ट्रेनमध्ये, बसायला मिळालं तर. आमच्या सरांकडे पेपर मागितले तर ते आधी हसले आणि मग इतके पाठवले की मोबाइल भरला.

त्यात कळलं की मणक्याच्या ऑपरेशननंतर माणूस किती खूश राहील याचा अंदाज फक्त एमआरआय बघून येत नाही, ऑपरेशनच्या आधी त्याच्या मनात काय चाललंय त्यावरून पण बराच येतो. उदासी, घाबरटपणा, झोप उडालेली, आणि वाईटातलं वाईट होणारच असं धरून बसायची सवय. हिला मोजायला सुद्धा एक यादी आहे, मायकेल सलिव्हन नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये केलेली, तेरा वाक्यांची, बावन्नपैकी मार्क. हे कधी संपणारच नाही असं वाटतं का, दुखण्याशिवाय दुसरा विचारच येत नाही असं होतं का, आपल्या हातात काहीच नाही असं वाटतं का, अशा धर्तीचे प्रश्न. तीसच्या वर गेलं की लक्ष द्यायला पाहिजे. फिनलंडमध्ये तर नळी अरुंद झालेल्या पेशंटचा ऑपरेशननंतर बराच काळ पाठपुरावा केलाय, ज्यांच्यात आधीपासून आणि नंतरही उदासी होती त्यांना ऑपरेशनचा फायदा कमी वाटला. स्क्रू तेच, टाके तेच.

याच्यात जादूटोणा काही नाही. ज्याला वाटतं की आपला मणका आता काचेचा झालाय तो हलत नाही. हलत नाही म्हणून पाठीचे स्नायू ढिले पडतात, मग जरा वाकला की दुखतं, दुखलं की त्याला खात्रीच पटते की आत काहीतरी सुटलं, आणि तो अजून कमी हलतो. बेल्जियम-नेदरलँड्सकडचे व्लायन आणि स्वीडनचे लिंटन यांनी २००० मध्ये हे चक्र नीट मांडून दाखवलं. त्यात झोप नसेल तर दुखणं जास्त जाणवतं, हे तर कुठल्याही बाळंतिणीला विचारा.

या चक्राला आपल्याकडे बाहेरून पण भरपूर हात लागतात. मणक्याचं ऑपरेशन म्हटलं की बिल्डिंगमधली चार माणसं येऊन सांगणार, करू नका हो, आमच्या मेव्हण्याच्या चुलत्याचे पाय गेले, अंथरूण धरलं. तो चुलता कधी कुणाला दिसलेला नसतो पण डोंबिवलीपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक सोसायटीत तो आहेच. ऑपरेशन झालं की वाकू नकोस, उचलू नकोस, बेल्ट काढू नकोस, भारतीय संडासला तर जन्मात बसू नकोस. सुरुवातीचे काही आठवडे काही बंधनं असतात हे खरं, फ्यूजन, म्हणजे स्क्रू टाकून मणके जोडलेले असतील तर जास्त, पण मी दोन वर्षांच्या फोनवर अशी माणसं ऐकलीयेत जी अजून बेल्ट लावून झोपतात. डॉक्टरांनी काढायला कधी सांगितलं होतं विचारलं तर म्हणतात, सांगितलं होतं हो, पण उगाच रिस्क कशाला.

आणि एमआरआयचा रिपोर्ट. तो कागद मला वाटतं पेशंटच्या हातात देताना सोबत एक माणूस दिला पाहिजे. डीजनरेशन, कॉम्प्रेशन, इंडेंटिंग द थीकल सॅक, हे शब्द लोक ट्रेनमध्ये मोबाइलवर शोधत घरी जातात आणि घरी पोचेपर्यंत निम्मे लुळे झालेले असतात. २०१५ मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी ३३ अभ्यास एकत्र करून ३,११० अशा लोकांचे स्कॅन बघितले ज्यांना पाठीचं काहीच दुखणं नव्हतं. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्के. गादी फुगलेली तर विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे विरार लोकलच्या एका डब्यातल्या सगळ्यांना मशीनमध्ये घातलं तर घाबरवणारे रिपोर्ट ढिगाने निघतील आणि यातले बरेच जण चौथ्या सीटवर अर्धे लटकत मजेत चाललेले असतील. स्कॅन खोटा नसतो. पण स्कॅनमध्ये दिसतं ते आणि दुखतं ते एकच आहे का, हे बघायला डॉक्टर लागतो, गूगल नाही.

इथपर्यंत आलं की एक गडबड होते. मन, मन म्हणायला लागलं की घरचे ऐकतात ते वेगळंच. "म्हणजे खरं दुखत नाहीच, नाटकं आहेत." मी हे वाक्य फोनवर पेशंटच्या मागून ऐकलंय, स्पष्ट, टीव्हीच्या आवाजावरून. हे डोकं फिरवणारं आहे. वेदनेची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या १९७९ पासून चालत आलीय, २०२० मध्ये ती जरा सुधारली, तिच्यात शरीराची जाणीव आणि भावना दोन्ही पहिल्यापासून आहेत, म्हणजे मनाचा भाग आहे म्हणून वेदना खोटी असं व्याख्याच म्हणत नाही. हेन्री बीचर नावाचा अमेरिकन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या आघाडीवर होता, त्याने बघितलं की भयानक जखमी झालेले कितीतरी सैनिक दुखण्याचं औषध नको म्हणतात. त्याच्या मते याचं एक कारण म्हणजे त्या जखमेचा अर्थ होता, सुटलो, आता घरी. तीच जखम शांततेच्या काळात शहरातल्या माणसाला झाली तर तिचा अर्थ होतो नोकरी, हप्ते, घर. आमच्याकडे एक डिलिव्हरीवाला पोरगा रडत होता, मग तो दुखण्यासाठी किती आणि बाइकच्या हप्त्यासाठी किती रडत होता, हे वेगळं कोण काढणार? मला नाही काढता येत.

स्कॉटलंडचे गॉर्डन वॅडेल यांनी १९८० मध्ये तपासणीतल्या काही खुणा सांगितल्या होत्या, ज्या शरीराच्या बिघाडाशी जुळत नाहीत, म्हणजे नुसता कातडीला हात लावला तरी कळ, डोक्यावर हलकं दाबलं तरी कंबर दुखते, असं. त्यांचा हेतू होता की अशा पेशंटकडे जरा जास्त नीट, मनाच्या अंगाने पण बघा. लोकांनी काय केलं तर खोटारडे पकडायला त्या वापरल्या, विम्याच्या आणि कोर्टाच्या कामात तर जास्तच, शेवटी वॅडेलना पुन्हा लिहून सांगावं लागलं की बाबांनो हे त्यासाठी नाही. म्हणून मला थोडी भीती वाटते की आपल्याकडे हे मानसिक प्रश्नांचे फॉर्म आले की कुठला तरी इन्शुरन्सवाला म्हणेल, यांचा उदासीचा स्कोअर जास्त आहे, क्लेम नामंजूर.

आणि उलटी बाजू पण आहे. उदास माणसाला ऑपरेशन करूच नये असं मुळीच नाही. बऱ्याच जणांची उदासी दुखण्यानेच आलेली असते, महिनोन्महिने झोप नाही, नोकरीवर दांड्या, घरात चिडचिड, मग कोण हसत बसेल? नस मोकळी झाली की मनाचे आकडे पण खाली येतात, मी स्वतः भरलेत. उदासी असलेल्यांनाही फायदा होतो, सरासरीने इतरांपेक्षा कमी होतो इतकंच. आणि पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा येत असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल तर तिथे मनाबिनाचा फॉर्म भरत बसायचं नसतं, तडक हॉस्पिटल गाठायचं, रात्र असो की गणपतीची मिरवणूक असो.

कांदिवलीच्या एक ताई आहेत. ऑपरेशननंतर पायाचं दुखणं निम्म्याहून कमी, त्यांच्याच तोंडच्या आकड्यांनी. पण समाधानाला चार नंबर. होते तिथेच आहे. मी म्हटलं ताई तुम्हीच तर आत्ता सांगितलंत दुखणं कमी आहे म्हणून. तर म्हणाल्या, "दुखणं कमी आहे गं. पण मी तशीच आहे." मग त्या बराच वेळ बोलत होत्या, नवरा गेल्यापासूनचं, मुलगा पुण्याला, रात्री तीनला जाग येते ती येतेच. त्यात मणक्याचं काही नव्हतं. मी त्या दिवशी बाकीचे फोन केले नाहीत, शीट तशीच राहिली. सायकिअॅट्रिस्टकडे जा म्हटल्यावर अपेक्षेप्रमाणे "मला वेडी ठरवताय का" झालं. मग मी त्यांना १४४१६ दिला, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, मराठीत बोलतात, नाव सांगायची जबरदस्ती नाही. लावला की नाही माहीत नाही. पुढच्या फोनला त्यांनी आकडा तीन सांगितला, आणि या यादीत तीन म्हणजे चारपेक्षा बरा.

सरांनी पाठवलेल्यातले काही पेपर मला फार आवडले. एक म्हणजे अमेरिकेतला स्पोर्ट नावाचा मोठा अभ्यास, वाइनस्टीन यांचा, २००६ मध्ये आला. गादी सरकलेले ५०१ पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून अर्ध्यांना ऑपरेशन, अर्ध्यांना बाकीचे उपाय असं वाटून दिलं, म्हणजे शुद्ध तुलना होईल. काय झालं? ज्यांना ऑपरेशन आलं होतं त्यातल्या निम्म्यांनीच तीन महिन्यांत ते करून घेतलं, आणि ज्यांना नव्हतं आलं त्यातल्या ३० टक्क्यांनी त्याच काळात जाऊन करून घेतलं. लोकांनी चिठ्ठीचं ऐकलंच नाही! आकडेशास्त्रवाल्यांनी याच्यावर डोकं धरलं, मला मात्र वाचून बरं वाटलं, कारण आमच्या ओपीडीत रोज हेच दिसतं, माणूस आत येतो तेव्हा त्याचं ठरलेलं असतं. करायचंच. नाहीतर मेलो तरी नाही.

दुसरा नेदरलँड्सचा, पॉल नावाच्या डॉक्टरांचा, २००७. सायटिकाचे, म्हणजे नस दबून पायात कळ येणारे २८३ पेशंट, काहींचं लवकर ऑपरेशन, काहींना थांबायला सांगितलं, नाहीच सहन झालं तर ऑपरेशन. वर्षाच्या शेवटी दोन्हीकडचे जवळपास ९५ टक्के म्हणाले बरे झालो. फरक फक्त वेगाचा, ऑपरेशनवाले लवकर बरे झाले. आता हा फक्त वेगाचा फरक कुणासाठी किती मोठा आहे हे कुठला स्कॅन सांगणार? पेन्शनवाल्या आजोबांना घाई नाही. फळांची गाडी लावणाऱ्याला सहा महिने म्हणजे जागा गेली, गाडी गेली. तो लवकर ऑपरेशन करून वर्षभराने खूश असेल तर ते बरोबरच आहे, आणि आजोबा थांबून खूश असतील तर ते पण.

आणि तिसरा सगळ्यात भारी. एड्रियान लाउ हे फिजिओथेरपिस्ट, त्यांचा २०१४ चा अभ्यास, ६७ पेशंट. सगळ्यांचं नस मोकळी करायचं ऑपरेशन. त्यातल्या काहींना ऑपरेशनआधी साधारण अर्धा तास बसवून एका फिजिओने समजावलं की दुखणं म्हणजे काय, नस चिडलेली असते म्हणजे काय, ऑपरेशननंतर काही दिवस दुखलं तर त्याचा अर्थ काय आणि काय नाही, आणि एक पुस्तिका दिली. बस. वर्षाने दुखण्याच्या आकड्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. पण ज्यांना समजावलं होतं त्यांना आपला ऑपरेशनचा अनुभव चांगला वाटला, आपली तयारी नीट झाली होती असं ते म्हणाले, आणि पुढच्या वर्षभरात औषधं-डॉक्टर-तपासण्या यावर त्यांचा खर्च ४५ टक्के कमी झाला. दुखणं तेवढंच! मी हे परत परत वाचलं. अर्धा तास.

आपल्याकडे ऑपरेशनआधी काय काय होतं ते बघा. रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, टूडी इको, शुगर, भूलतज्ज्ञांचा फिटनेस, कॅशलेसचा अप्रूव्हल, डिपॉझिट, रूम शेअरिंग की सिंगल. त्या अप्रूव्हलच्या मागे नातेवाईक जेवढा वेळ बसतात त्याच्या दशांश वेळ कुणी पेशंटपाशी बसून बोललं तर चाललं असतं. झोप लागते का, घरी कोण आहे, कशाची भीती वाटते, हे विचारायचा रकानाच नाही कुठे. सर्जनना नावं ठेवायला सोपं आहे, मी नाही ठेवणार, सकाळी साठ पेशंट ओपीडीत आणि दुपारी दोन ऑपरेशनं असली की अर्धा तास कुठून आणायचा ते मला पण सांगता येणार नाही. पण सर्जननेच द्यायला पाहिजे असं लाउंच्या अभ्यासात तरी कुठंय? फिजिओ देऊ शकतो, नर्स देऊ शकते, शिकवलं तर मी पण देईन.

सध्या मी एक छोटी गोष्ट करते. अॅडमिशनच्या आधी फॉर्म भरायला पेशंट माझ्याकडे येतात, तेव्हा शेवटी विचारते, ऑपरेशन झाल्यावर सगळ्यात आधी काय करायचंय? जे बोलतील ते फाइलच्या पहिल्या पानावर पेनने लिहिते. ज्युनिअर आधी हसायचे, आता राउंडच्या आधी तेच वाचतात. उत्तरं ऐकण्यासारखी असतात. मुलीच्या लग्नात पाहुण्यांना उभं राहून वाढायचंय. महिला डब्यातून उतरताना धक्का लागायची भीती जायला पाहिजे. बायकोच्या आधाराशिवाय मोरीत जायचंय. देवळात खाली बसायचंय. एकाने सांगितलं डेपोत परत स्टिअरिंगवर बसायचंय, आणि दुसऱ्याने, त्याच खात्यातल्या, आवाज बारीक करून विचारलं की लाइट ड्युटीचं सर्टिफिकेट किती महिन्यांचं मिळेल. दोघांचा मणका एकाच जागी बिघडलेला. मी दोघांचं लिहून ठेवलं, दुसऱ्याचं जरा सभ्य शब्दांत.

काही उत्तरं ऐकून सर पेशंटला परत आत बोलावतात. "पाठीचं दुखणं शंभर टक्के जाऊ दे" असं असलं की बोलावतातच. मग ती सहा मिनिटं परत होतात, या वेळी एकाच गोष्टीवर. त्यातले एक-दोन ऑपरेशन न करता परत गेले, व्यायाम करून बघतो म्हणाले. हॉस्पिटलच्या हिशोबात तो तोटा असेल, मला माहीत नाही, मी त्या मीटिंगला नसते.

ठाण्याचे साहेब आता आमच्याकडे येत नाहीत. वर्षाच्या फोनला त्यांनी सांगितलं होतं की पाठीसाठी दुसरीकडे दाखवलंय, तिथे स्क्रू टाकून मणके जोडून घ्या म्हणतायत, तुमचे सर का नाही म्हणाले? सर नाही म्हणाले होते कारण मणका कुठे हलत नव्हता, नस कुठे दबत नव्हती, फिजिओ आणि काउन्सेलिंग करा म्हणून लिहून दिलं होतं, ते त्यांनी केलं नाही. मी फोनवर एवढंच म्हटलं की दुसरं मत घेतलंय तर तिसरं पण घ्या, आणि जोडून घेतल्यावर नक्की काय करता येईल आणि काय येणार नाही ते त्यांच्याकडून लिहून मागा. त्यानंतर दोन वर्षांचा फोन त्यांनी कट केला. परत केला, परत कट.

असे फोन न उचलणारे दर यादीत असतात, नंबर बदललेले, गावी गेलेले, आणि माझा आवाज ऐकून ठेवून देणारे. जे उचलतात त्यातले पण काही जण डॉक्टर देवमाणूस आहेत हो, लिहा सगळं चांगलं, असं म्हणतात, कारण उद्या परत दाखवायला तिथेच यायचंय. मग सर कॉन्फरन्सला जातात तेव्हा स्लाइडवर समाधानी पेशंटचा जो टक्का येतो तो उरलेल्यांचा असतो. मी सरांना सांगते की खाली किती जण सापडले नाहीत ते पण टाका. टाकतात. मागच्या वेळी फॉन्ट फारच बारीक होता, ते मी बोलले, म्हणाले पुढच्या वेळी मोठा करू.